जेवणानंतरची लाल

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नगरच्या छावणीत साहेबांच्या मेसमध्ये सगळी उमर दुसऱ्यांचे दारूचे ग्लास भरले आणि स्वतः एक थेंब चाखला नाही. गावात हे कुणाला खरं वाटत नसे. काष्टीच्या बाजारात भेटणारी माणसं डोळा मिचकावून विचारायची, "काय मेसवाले, आज काय घेतली?" अण्णा गळ्यातली तुळशीची माळ दोन बोटांनी उचलून दाखवायचे. माळ लग्नात सासऱ्यानं घातलेली होती. आईचं माहेर कट्टर माळकरी. जावई माळ घालणार असेल तर मुलगी, नाहीतर दुसरं घर बघा, असा रोखठोक मामला. तेव्हा अण्णांनी स्वतःपुरता एक कायदा केला होता. हाताला लागली तर चालते, तोंडाला लागता कामा नये.

नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा मी शाळेत मास्तरीण झाले होते. आईबापांना मी एकटीच. मला स्थळं यायची आणि मी ती परतवून लावायची. मला नोकरी आवडत होती, सकाळी स्वतःच्या पायांनी शाळेत जायला आवडत होतं, आणि कुणाच्या घरी जाऊन चुलीपुढं बसायची मला बिलकूल हौस नव्हती. आई चिडायची. अण्णा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे गं, तिला कळतंय तिचं."

मग दुष्काळ पडला, आणि त्याच साली अण्णांच्या घशाखाली भाकरी उतरेना. आधी वाटलं, रेशनच्या लाल मिलोची, त्या अमेरिकन ज्वारीची भाकरी, ती कुणाच्या घशाखाली उतरते? मग भात अडकायला लागला. मग कण्यासुद्धा. नगरच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, अन्ननलिकेत गाठ आहे, फार पुढं गेलीय, घरी न्या आणि जे मागतील ते द्या. मी अण्णांना काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. एसटीत खिडकीजवळ बसून ते म्हणाले, "पातळ चालंल म्हनले ना?" मी हो म्हणाले. ते बराच वेळ बाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसती उघडी रानं आणि खडी फोडणारी माणसं.

घरी आल्यावर त्यांनी मागितली ती ही लाल.

मेसमध्ये मोठे खाने असायचे त्या रात्री सगळं जेवण झालं, टेबल साफ झालं, की शेवटी छोट्या ग्लासांत एक लाल, गोड दारू फिरायची. साहेब तिला पोर्ट म्हणायचे. ती ओतायचं काम अण्णांकडे होतं. "बाकीच्या समद्या दारवा वंगाळ वास मारायच्या," अण्णा म्हणाले, "पर ही न्हाई. हिचा वास आला का वाटायचं, मनुका भिजत घातल्यात कुनीतरी. मी वासावरनं वळखीन. चव तेवढी राहिली." आणि मग आढ्याकडं बघत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखे म्हणाले, "एकदा घ्यावी म्हनतो."

आई चुलीपाशी होती. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. "आन् माळ?"

"काढून ठिवीन घटकाभर."

"माळ काढाल त्या दिवशी मी म्हायेरी निघून जाईन," आई म्हणाली. तिच्या माहेरी तेव्हा पडक्या भिंतींशिवाय कुणी उरलं नव्हतं, पण धमकी जुनी आणि सवयीची होती. अण्णांनी वाद घातला नाही. वाद घालायला घसा लागतो.

मी मात्र मनात ठरवलं की ही गोष्ट मी करणार. डॉक्टरांनी मागतील ते द्या म्हटलं होतं आणि माणसानं एवढीशी गोष्ट मागितली होती. आणायची कशी, कुठून, किती पैशाला, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. दारू म्हटलं की मला ओढ्याकाठची हातभट्टी माहीत, आणि तिच्या वासानं नाकाला लावलेला पदर.

पहिल्यांदा मी शहाणपण केलं ते द्राक्षासवाचं. काष्टीतल्या वैद्यांकडं बाटली दिसली, नावातच द्राक्षं, रंग काळपट लाल, माझ्या पगारात सहज बसणारी. म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा, हीच असणार. अण्णांनी बाटली नाकाशी धरली आणि परत दिली. "लवंगा हायेत, आन् गूळ. औषध हाय हे." आईला मात्र फार आनंद झाला. औषध माळेला चालतं. तिनं रोज संध्याकाळी जबरदस्तीनं एक चमचा पाजायला सुरुवात केली, आणि अण्णांनी तोंड फिरवल्यावर वाया कशाला घालवा म्हणून स्वतःच संपवली. तिला त्या महिन्यात भूक बरी लागत होती.

मग नगरला औषधाच्या दुकानातून टॉनिक आणलं. दुकानदार म्हणाला, ह्यात वाइन असते, बाळंतिणींना देतात. आता मी जरा हुशार झाले होते. अण्णांच्या हातात द्यायच्या आधी आपण चाखून बघायची, असं ठरवून एसटी स्टँडवरच्या नळाआड उभी राहून मी बुचात थोडं ओतून घेतलं. जन्मातली माझी पहिली दारू. गंजलेला खिळा चोखल्यासारखी लागली. वरून साखर, खालून लोखंड. तेवढ्यात माझ्या शाळेतल्या एका मुलाचा बाप समोरून गेला आणि त्यानं नमस्कार केला. मीही बाटली पदराखाली घालून नमस्कार केला. ती बाटली मी घरी नेलीच नाही.

तिसऱ्या खेपेला सरळ दारूच्या दुकानात गेले. छावणीच्या रस्त्याला होतं. बाईमाणूस पायरी चढून आत आलेलं बघून आतली दोन गिऱ्हाइकं भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. लाज त्यांना वाटली, मला नाही. मला रागच आला होता. दुकानदार वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं दारूचं सरकारी परमिट मागितलं. मी म्हणाले, परमिट नाही, वडील आजारी आहेत, लाल आणि गोड अशी कुठली असते ती हवी, आणि फार महाग नको. त्यानं वरच्या फळीकडं बोट केलं. धूळ बसलेली एक विलायती बाटली होती. किंमत ऐकून मी विचारलं, "ह्याहून स्वस्त?" गोव्याची येते कधीमधी, सध्या नाही, तो म्हणाला. मग खालची एक दाखवून म्हणाला, ही स्वस्त आहे पण आंबट. मी म्हणाले, आंबट असेल तर साखर घालता येईल का? भिंतीकडं तोंड केलेल्यांपैकी एकजण खुदकन हसला.

"बाई," दुकानदार म्हणाला, "गोडही पाहिजे आणि स्वस्तही पाहिजे, तर उसाचा रस प्या." पण बोलून झाल्यावर त्यालाच बरं वाटलं नसावं. मी पायरी उतरताना त्यानं मागून सांगितलं, "श्रीरामपूरकडं ख्रिस्ती लोकांच्या घरी करतात. नाताळाला. कुणी ओळखीचं असेल तर बघा."

ओळखीचं होतं. माझ्याबरोबर ट्रेनिंगला असलेली एक ख्रिस्ती मैत्रीण श्रीरामपुरात दिली होती. आम्ही दोघी एका ताटात जेवलेल्या, पण तिच्या घरी दारू करतात हे मला कधी सुचलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी नाकाला पदर लावला असता, हे तिला ठाऊक असणार.

रविवारी मी आगगाडीनं गेले. मैत्रिणीची सासू घरी होती, मोठी कडक बाई, पण अण्णांचं ऐकून घेताना तिनं मध्ये एक शब्द काढला नाही. मग सांगू लागली, ती चिनी मातीच्या बरणीत काळ्या मनुका, साखर, आल्याचा तुकडा आणि पाणी घालते, फडकं बांधून अंधारात ठेवते, रोज एकदा लाकडी पळीनं ढवळते. यंदा मनुका महाग, साखर रेशनची, म्हणून बरणी भरलीच नाही. मागल्या नाताळातली एक बाटली तेवढी राहिली होती, नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी ठेवलेली. मी म्हणाले, मग राहू द्या. ती म्हणाली, "नातू काय, पुढल्या सालीही नातूच राहील."

तिनं आधी मला वाटीत थोडी दिली. "बघ गं, तुझ्या वडिलांची हीच का."

मी घोट घेतला. आता इतक्या वर्षांनी काय सांगू. भिजलेल्या मनुका होत्या, जुना गूळ होता, थोडं आलं होतं, आणि गिळल्यावर छातीत हळूच ऊब पसरली. गोड, पण दातांत कळ आणणारं गोड नाही. मला एकदम रडू आलं. एवढी चांगली गोष्ट जगात आहे आणि ती आपण पाप समजून बसलो, असं काहीतरी तेव्हा वाटलं, आणि अण्णांनी ती हजारदा ओतून एकदाही घेतली नाही याचं फार वाईट वाटलं. पैसे द्यायला गेले तर म्हातारीनं हात मागे घेतला. वाटेत हलवू नकोस, उन्हात ठेवू नकोस, एवढं सांगितलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली मांडीवर धरून मी काष्टीपर्यंत आले. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "तेल व्हय?" मी म्हणाले, व्हय.

घरी आल्यावर मी नुसतं बूच काढून बाटली अण्णांच्या नाकाशी धरली. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "व्हय."

मला वाटलं आता लगेच घेतील. पण अण्णांचं सगळं रीतीनं. माळ काढायची तर आंघोळ करून, देवाला सांगून काढायची, पारोशानं नाही. आणि ही दारू भांड्यातून प्यायची नसते, काचेच्या लहान ग्लासातून प्यायची असते. आमच्या घरात काचेचं काही नव्हतं. म्हणाले, "उंद्या. तू साळंतनं ये. येताना एक गिलास आन कुनाचा तरी. मी वतीन माझ्या हातानं." आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. तिनं पड खाल्ली असं मला वाटलं. मला ती तेव्हा फारशी कळत नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांना सुकडी वाटताना माझं लक्ष नव्हतं. हेडमास्तरांच्या कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेला लहान काचेचा ग्लास मी मागून घेतला. शाळा सुटल्यावर जवळजवळ पळतच निघाले. आमच्या बोळाच्या तोंडाशी आले आणि थबकले.

बोळात तो वास होता. मनुकांचा. बंद बाटलीचा वास बोळापर्यंत येत नाही.

आत गेले तर चुलीवर पातेलं. आई समोर बसून पळीनं हलवत होती आणि तोंडानं एक ओवी म्हणत होती. अण्णा आजारी पडल्यापासून मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. बाटली धुऊन पालथी घातली होती.

"आई, काय केलंस?"

"आगं, ये," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका उजळलेला होता की मी पुढचा शब्द गिळला. "रातभर मला झोप न्हाई. मग माज्या ध्यानात आलं. भट्टीवर काय करत्यात? उकळत्यात. दारू वाफंनं वर जाती, खाली ऱ्हाती ती निसती मळी. व्हय का न्हाई? मग म्हनलं, वाफ जाऊ द्यावी समदी. खाली ऱ्हाईल ती निसती द्राक्षं. तुज्या बापाला पायजेल ती चवबी मिळंल आन् माळबी काडाया नको." तिनं झाकण न ठेवता दुपारपासून उकळत ठेवलं होतं. आटून ते आंबूस लागायला लागलं म्हणून गूळ घातला होता. आजाऱ्याच्या पोटाला बाधू नये म्हणून सुंठ घातली होती. आणि सणाला राखून ठेवलेल्या वेलदोड्यांतले दोन.

मी अण्णांकडं बघितलं. ते खाटेवर उताणे पडलेले, आंघोळ केलेले, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. दुपारपासून ते इथंच होते. दुपारपासून तो वास त्यांच्या डोक्यावरून छपरातल्या फटीतून बाहेर जात होता.

आईनं वाटीत गार करून आणलं. काळं, दाट झालं होतं. चमच्यानं पाजलं. अण्णांनी फार कष्टानं गिळलं.

"कसं लागतंय?"

"ब्येस हाय."

"त्येच का हे?"

"त्येच," अण्णा म्हणाले. "आनखी हाय का?"

आई लगबगीनं उठली. त्यांनी सगळं घेतलं. एकेक चमचा घ्यायला किती वेळ लागला आणि प्रत्येक वेळी मानेच्या शिरा कशा ताठ झाल्या ते मी हातात रिकामा ग्लास धरून बघत उभी होते. आई पातेलं घासायला बाहेर गेली तेव्हा मी खाटेशी खाली बसले. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्यांचाही.

"तुम्ही का नाही अडवलंत तिला? जागे होता ना?"

"गात हुती," अण्णा म्हणाले. मग थोडा दम घेऊन, "आता हुडकू नगं."

मी तरी त्यांचं ऐकते थोडीच. पुढच्याच रविवारी पुन्हा श्रीरामपूरला गेले. म्हातारी कळवळली, पण बरणी कोरडी होती. तिनं ओळखीच्या आणखी एका घरी नेलं, तिथंही नव्हती. परत आले तोवर अण्णांना पाण्याचा घोटही उतरेनासा झाला होता. आता सोन्याच्या पेल्यात आणून दिली असती तरी काही उपयोग नव्हता. थोड्याच दिवसांनी सकाळी ते गेले. आई रडताना सगळ्यांना सांगत होती, माझ्या हातानं पाजली, माळ न उतरवता पाजली, त्यांची कुठलीच वासना मागं ठेवली नाही मी. बायका म्हणत होत्या, भाग्याचे हो.

दहाव्याला नदीवर गेलो. नदी कसली, वाळूत खणलेला एक झिरा. चुलतभावानं पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. बाभळीवर तीन-चार कावळे होते. त्या साली कावळ्यांना कुठंच काही मिळत नव्हतं, झडप घालून न्यायला हवा होता. ते नुसते बसले. ऊन चढलं. एकजण पुढं झाला, हात जोडून म्हणाला, शेताची काळजी करू नका. कावळे हलले नाहीत. भाऊ म्हणाला, काकूला मी बघीन. नाही. मग सगळ्यांची तोंडं हळूहळू माझ्याकडं वळली. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "पोरीचं लगीन ऱ्हायलं, दुसरं काय असनार."

काय राहिलं होतं ते त्या सगळ्या माणसांत एकट्या मला माहीत होतं. मोठ्यानं बोलायचं असतं, तेव्हाच पोचतं म्हणतात. मी पुढं झाले. पण आई माझ्या कोपराशी उभी होती, डोक्यावर पदर, डोळे पिंडावर. ती पुटपुटत होती, "समदं तर दिलं वो. त्येबी दिलं." माझं तोंड उघडेना. मी मनातल्या मनात बोलले, अण्णा, मी आणीन, ओतीन तुमच्या नावानं. एक कावळा उडाला आणि नदीपलीकडं गेला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. असं करतात. चालतं.

घरी जाताना वाळूत आईचा पाय सारखा रुतत होता. मी तिला धरलं होतं. मध्येच थांबून तिनं विचारलं, "काय ऱ्हायलं आसंल गं त्यांचं? मी कशात कमी पडले?"

मी म्हणाले, "तू नाही गं आई. माझं लग्नच असेल."

तिनं लगेच मान हलवली. तिला हलकं वाटलेलं दिसलं. बाप गेल्यावर लग्न करायचं तर वर्षाच्या आत करायचं असतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. आईनं वर्ष उलटू दिलं नाही. कर्जतकडचं स्थळ होतं, माणसं बरी होती, मास्तरीण सून त्यांना नको होती. मी नोकरीचा राजीनामा दिला आणि एकदाही नाही म्हणाले नाही. मांडवात अक्षता पडल्यावर आई गर्दीतून माझ्यापाशी आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आता सुटले बघ ते."